गहू बंद करण्याआधी रक्त तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिलिअ‍ॅक या गव्हातल्या प्रथिनामुळे आतडे बिघडवणाऱ्या आजारासाठी कोल्हापुरात चांगला डॉक्टर कोण, असे गेल्या दोन वर्षांत ओळखीच्या चार-पाच कुटुंबांनी मला विचारले. मी त्यांना नाव सांगते, पण त्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगते आणि तीच अधिक लोकांपर्यंत पोहोचावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. रक्ताची तपासणी होण्याआधीच जे डॉक्टर ‘गहू बंद करून बघा’ असे म्हणतात, त्यांच्याकडे या आजाराचे पक्के निदान होणे फार अवघड होऊन बसते. आमच्या मुलीचे एक वर्ष केवळ या एका वाक्यापायी वाया गेले.

सातव्या वर्षी तिची उंची वर्गातील मुलींपेक्षा मागे पडू लागली. पोट सतत फुगलेले असे, अधूनमधून जुलाब होत आणि हिमोग्लोबिन आठाच्या वर जात नसे. घरातली वडील माणसे म्हणत, खाल्लेले अंगी लागत नाही. ते शब्दशः खरे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. जंताचे औषध झाले, लोहाची टॉनिके झाली, भूक वाढवणारी सिरपे झाली. एका डॉक्टरांच्या मनात योग्य शंका आली, पण त्यांनी चाचणी न सांगता चपाती बंद करायला सांगितली. दोन महिन्यांत मुलगी खरोखरच सुधारली. त्यानंतर खात्री करावी म्हणून आम्ही रक्त तपासले, तर अहवाल नॉर्मल आला आणि आजार नाही असे समजून आम्ही चपाती पुन्हा सुरू केली. हळूहळू सारा त्रास परत आला.

यामागचे कारण साधे आहे आणि ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवे. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची ॲलर्जी नव्हे. गहू, सातू आणि राय या धान्यांतील ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील बारीक उंचवटे सपाट होत जातात. रक्तात जी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) शोधतात ती ग्लूटेन पोटात जात असेपर्यंतच ठळक दिसतात. ग्लूटेन थांबले की प्रतिपिंडे उतरतात आणि अस्तरही भरून येऊ लागते. म्हणजे आधी गहू बंद करणे हे पुरावा पुसून मग तपास सुरू करण्यासारखे आहे.

ज्यांनी अखेर निदान केले, त्या डॉक्टरांचे वेगळेपण पहिल्याच भेटीत जाणवले. त्यांनी जुने सगळे कागद तारखेनुसार लावून घेतले, मुलीची उंची स्वतः मोजून वाढीच्या तक्त्यावर मांडली, घरात कुणाला थायरॉइड किंवा लहानपणापासूनचा मधुमेह आहे का ते विचारले आणि शाळेच्या डब्यात रोज काय असते हेही विचारले. मग त्यांनी सहा आठवडे रोज गहू खाऊ घालून त्यानंतर तपासणी करायला सांगितले. ते सहा आठवडे आम्हाला फार जड गेले. पोट दुखणार हे तिला ठाऊक होते. ती चपातीचे बारीक तुकडे करून भाताखाली दडपून ठेवायची आणि मी ते शोधून पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवायचे. तपासणी वेळेवर झाली असती तर तिला हे सोसावेच लागले नसते.

त्या तपासणीबद्दलही थोडे लिहिते. टिशू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए या प्रतिपिंडाच्या चाचणीसोबत रक्तातील एकूण आयजीए या प्रतिपिंड-प्रकाराचे प्रमाण पाहावे लागते, कारण काही जणांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते आणि त्यांचा अहवाल फसवा नॉर्मल येतो. एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची तपासणी करताना आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून एक नव्हे, चार ते सहा नमुने (बायोप्सी) घ्यावे लागतात. नुकसान सलग नसून तुटक असू शकते. लहान मुलांत प्रतिपिंडे नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असतील, तर रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यावर वेगळ्या प्रतिपिंडाची खात्री करून बायोप्सी टाळता येते, असे युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे 2020 सालचे मार्गदर्शन आहे. शंभर पदार्थांची ‘असहिष्णुता’ एकाच वेळी सांगणारी महागडी पॅकेजेस मात्र या निदानासाठी निरुपयोगी आहेत. त्यांवर कुणी पैसे घालवू नयेत.

‘आपल्याकडे हा आजार नसतो’ हे वाक्यही आम्ही ऐकले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या देशातील पाहणीत उत्तरेत शंभरामागे एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारामागे एक असे प्रमाण आढळले होते. भात-भाकरीवर वाढलेल्या आपल्या भागात तो कमी दिसला असेल, पण आजच्या मुलांच्या डब्यात चपाती, दुधासोबत बिस्किटे, मिसळीसोबत ब्रेड आणि संध्याकाळी नूडल्स असतात. ग्लूटेन आता आपल्याही घरात रोजचेच झाले आहे.

निदानानंतर औषध नाही, पथ्य आहे आणि तेही आयुष्यभराचे. म्हणूनच ‘गहू खाऊ नका’ एवढे सांगून पाठवणारा डॉक्टर पुरेसा नाही. आम्ही ज्वारीची भाकरी सुरू करूनही चार महिन्यांनी प्रतिपिंडे हवी तशी उतरली नव्हती. आहारतज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘दळण कुठून आणता?’ गिरणीत आमची ज्वारी गव्हावर दळली जात होती. जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ आमच्याच डब्यात उतरत होते. आता घरघंटी घेतली आहे. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी किमान तांदळावर दळून घ्यावे. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, हेही त्याच दिवशी कळले. पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहिण्यासाठी आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे, यावरून किती थोडे पीठ घात करते याची कल्पना यावी. चांगल्या डॉक्टरांनी भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी सांगायला हवी, कारण सख्ख्या नात्यात साधारण दहांत एकाला हा आजार आढळतो आणि त्याला कसलाही त्रास जाणवत नसू शकतो.

सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाला आणि शहरातील सर्व बालरोगतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे की, लोहाची औषधे नियमित देऊनही ज्या मुलाचा ॲनिमिया हटत नाही किंवा ज्याची उंची खुंटली आहे, त्याची ही रक्ततपासणी आहारात कोणताही बदल सुचवण्याआधी करावी. सीपीआरमध्ये महिन्यातून एक दिवस आहारतज्ज्ञांनी केवळ या रुग्णांसाठी द्यावा, म्हणजे गिरणीची आणि हिंगाची गोष्ट खेड्यापाड्यांतून येणाऱ्या आईलाही वेळेवर कळेल.

ज्यांनी आधीच गहू सोडला आहे त्यांनी घाबरून स्वतःच्या मनाने तो पुन्हा सुरू करू नये. जुने अहवाल घेऊन पोटविकारतज्ज्ञांना भेटावे आणि एचएलए डीक्यू-2 व डीक्यू-8 या जनुकीय तपासणीबद्दल विचारावे. गहू बंद असतानाही ही तपासणी करता येते आणि दोन्ही प्रकार आढळले नाहीत, तर सिलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ संपते.

आपली विश्वासू,
एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर