नोंदणीच्या खिडकीवरच अडवा

केरळमधील ‘ऑपरेशन नुमखोर’च्या बातम्या वाचल्या. भूतानमधून शुल्क चुकवून आणलेल्या गाड्या सीमाशुल्क विभागाने जप्त केल्या, हे योग्यच. पण परदेशात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, असा नियम आहे. मग जप्त झालेल्या जुनाट लँड क्रूझरसारख्या गाडीला इथला नंबर मिळालाच कसा? बनावट कागदांवर परराज्यांत नोंदणी झाली, असे तपास यंत्रणाच सांगते. म्हणजे चूक आरटीओच्या खिडकीवर झाली. आयात गाडीची नोंदणी करण्यापूर्वी तिच्या ‘बिल ऑफ एंट्री’ची (आयात मालाबाबत सीमाशुल्क विभागाकडे दाखल होणाऱ्या कागदाची) त्या विभागाकडून ऑनलाइन खातरजमा सक्तीची करावी. सध्या तिसऱ्या-चौथ्या ग्राहकाच्या दारातून गाडी उचलली जाते आणि ती आणणारा दलाल नामानिराळा राहतो.

— एक वाचक, ठाणे