एकाच दिवशी दोन मराठी पिक्चर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार. मी अन माझा दोस्त, दोघंबी अंबाजोगाईचे, नवा पिक्चर आला की गाडी काढून लातूरला जातो. १ मे २०२५ ला 'गुलकंद' अन 'आता थांबायचं नाय' हे दोन्ही एकाच दिवशी आले, आन आमचं तिथूनच भांडण सुरू झालं. त्याला गुलकंद लई आवडला, समीर चौघुलेचं टायमिंग म्हणजे नादच नाही करायचा म्हणतो, ते खरंय बी, पण मला विचाराल तर दुसरा जास्त भिडला, मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार ह्या वयात रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खऱ्या घटनेवरची गोष्ट हाय, अन भरत जाधव, सिद्धार्थ जाधव ही आपल्याला हसवणारी माणसं डोळ्यात पाणी आणतात. दोस्त म्हणतो रडायला तिकीट कशाला काढायचं. मी म्हणलं तुझ्या बापानं बी दहावी बाहेरूनच दिली ना, मग गप झाला.

पण साहेब, आमच्याकडं मराठीला शो मिळतेत किती? त्यातबी एक दुपारी बाराचा, कामधंद्याच्या माणसानं कवा जायचं? निर्मात्यांनी आपसात बोलून दोन आठवड्याचं अंतर ठेवावं, अन थेटरवाल्यांनी एक तरी संध्याकाळचा शो मराठीला द्यावा एवढीच विनंती.

– एक वाचक, अंबाजोगाई