विषय : ‘खाण्यायोग्य’ म्हणून विकलेल्या गुलाबपाकळ्यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

मी पुण्यात घरून बेकिंगच्या ऑर्डर घेते. दिवाळीच्या गुलाब-नानकटाईसाठी तुमच्या संकेतस्थळावरून वाळवलेल्या गुलाबपाकळ्या मागवल्या. तिथे ठळक लिहिलंय, ‘खाण्यायोग्य, केक-कुकीजसाठी उत्तम’. हातात आलेल्या पाकिटावर हिरवा शाकाहारी ठिपका नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही. मागे बारीक अक्षरांत एवढंच : ‘सुगंधी सजावटीसाठी’.

पाकीट उघडताच उदबत्तीसारखा घमघमाट सुटला. आधी नमुन्याचा एकच ट्रे भाजला. तूप वास धरून ठेवतं, त्यामुळे नानकटाईला थेट साबणाची चव आली. तूप, मैदा, पिठीसाखर, वेलची सगळं कचऱ्यात. मग उरलेल्यांपैकी थोड्या पाकळ्या कोमट पाण्यात टाकून पाहिल्या, तर पाणी लगेच लालभडक आणि पाकळ्या पांढऱ्याफटक! खरी पाकळी रंग सोडते, पण हळूहळू आणि फिकट. हा वरून चढवलेला रंग आहे. कसला, ते तुम्हीच सांगा.

तुमच्या कस्टमर केअरचं उत्तर : ‘मॅडम, गुलाब म्हणजे गुलाबच ना?’ नाही हो! गुलकंदाला लागतो तो सुगंधी देशी गुलाब वेगळा आणि गुच्छातला टपोरा, बहुतेक वेळा बिनवासाचा गुलाब वेगळा. गुच्छाच्या फुलांवर कीटकनाशकं मारताना ती कुणी खाणार आहे असं कुणी धरत नाही. घरगुती व्यवसायासाठी मला एफएसएसएआयची नोंदणी घ्यावी लागली, आणि कच्चा माल विकणाऱ्या तुम्हाला काहीच नियम नाहीत का?

माझ्या पाकिटाचे पूर्ण पैसे परत करा. या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर पाठवा, नसेल तर तसं लेखी कळवा. मुख्य म्हणजे संकेतस्थळावरचा ‘खाण्यायोग्य’ हा शब्द आजच काढा आणि ज्यांनी हा माल घेतला त्यांना कळवा. कुणी लहान मुलांसाठी कुकीज करत असेल. बदली पाकीट पाठवू नका, मला ते नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि एफएसएसएआयकडे तक्रार करेन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. उरलेल्या पाकळ्या सीलबंद करून ठेवल्या आहेत, तपासणीला देता येतील.

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावती, पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो, संकेतस्थळाचा स्क्रीनशॉट