लाभार्थी मोजले, लाभाचे काय?

महोदय,

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. अशा योजनांच्या अहवालांत मंजूर अर्ज आणि खर्ची पडलेला निधी ठळकपणे मांडला जातो. परंतु श्रवणयंत्र खरोखर घेतले गेले का, आणि घेतले असल्यास ते कानात आहे की बॅटरीअभावी फडताळात पडून आहे, याचा मागोवा क्वचितच दिसतो. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तीवेतन किती दिवस रखडले, बोटांचे ठसे न उमटल्याने किती वृद्ध रिकाम्या हाताने परतले, हेही नोंदले जावे. नागपूर जिल्ह्याचे हे आकडे तालुकानिहाय, दर तिमाहीला आणि (वाचणारे कोण आहेत हे ध्यानात घेऊन) मोठ्या अक्षरांत जाहीर व्हावेत.

– एक ज्येष्ठ वाचक, महाल, नागपूर