टाळूवरची गाठ बघणाऱ्या डॉक्टरांना

प्रिय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

एम. वाय. हॉस्पिटलसमोरच्या सरकारी डेंटल कॉलेजच्या ओपीडीत तुम्ही रोज कितीतरी पेशंट बघत असाल, त्यात मी लक्षात राहणं कठीण. टाळूवर टणक गाठ घेऊन आलेली लोकमान्य नगरची मराठी बाई, एवढीच खूण सांगते. पर्चीवरचं आडनाव वाचून तुम्ही हिंदी सोडलंत आणि विचारलंत, "काकू, कधी लक्षात आलं हे?" तिथेच मला निम्मा धीर आला.

आमच्या घरात तोंडातली गाठ म्हटलं की एकच गोष्ट आठवते. माझे धाकटे दीर तोंडाच्या कॅन्सरने गेले. गालाच्या आत एक जखम झाली होती, ती भरलीच नाही. गुटख्याची पुडी त्यांच्या खिशात कायम असायची. आपल्या मध्य प्रदेशाने 2012 साली गुटख्यावर बंदी आणली, पण भाऊजींचं दुखणं त्याआधीचं. त्यांचं शेवटचं पातळ वरणसुद्धा मीच चमच्याने भरवलं आहे.

मी तंबाखूला कधी हात लावला नाही. तरी त्या दिवशी पोह्यांवरची कडक शेव टाळूला टोचली, म्हणून जीभ फिरवली, तर मधोमध दगडासारखा उंचवटा लागला आणि पोटात गोळाच आला. मग जीभ सारखी तिथेच. रात्री सगळे झोपले की आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरून आ वासून बघत राहायचं. कुणी म्हणालं उष्णता आहे, गुलकंद खा. कुणी म्हणालं काही नसतं गं, उगाच मनाला लावून घेतेस. सगळे प्रेमानेच सांगत होते, पण मन चिंती ते वैरी न चिंती.

तुम्ही "काही नाही" म्हणून मला वाटेला लावलं नाहीत, यासाठीच मुख्यतः हे पत्र. आधी तुम्ही सगळं तोंड तपासलंत. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून दोन्ही कडा पाहिल्यात, जिभेखाली पाहिलंत, गालांच्या आतून बोट फिरवलंत, जबड्याखाली आणि मानेला दाबून पाहिलंत. तीन बोटं उभी तोंडात मावतात का, तेही करायला लावलंत. सगळ्यात शेवटी टाळूकडे वळलात. गाठीच्या दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलंत, मग माझ्या हातात आरसा दिलात आणि तोंडातला छोटा आरसा असा तिरका धरलात की ती मला पहिल्यांदाच नीट दिसली. टाळूच्या बरोबर मधल्या रेषेवर, वरची कातडी आजूबाजूसारखीच गुलाबी, फक्त शेवेने ओरखडलेला एक लाल ठिपका.

"काकू, हे हाड आहे. तुमचंच, टाळूचं, थोडं जास्त वाढलेलं." याला टोरस म्हणतात, पुष्कळ लोकांना असतो, बायकांमध्ये जास्त दिसतो, वर्षानुवर्षं इतका हळू वाढतो की कळतही नाही, हे सगळं तुम्ही न कंटाळता सांगितलंत. वरची कातडी पातळ असते, म्हणून शेव, पापड, गरम चहा तिथेच आधी लागतो. काढायची गरज सहसा पडत नाही. पुढे कवळी बसवायची झाली आणि ती अडली, तरच तो विचार. मग हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का, हे विचारलंत. मला नाही. पण कधी सुरू झालं तर ते देणाऱ्या डॉक्टरांना आधी या गाठीबद्दल सांगा, कारण त्या औषधांवर असताना तिथे जखम झाली तर हाड उघडं पडून भरायला त्रास होऊ शकतो. हे सगळं पर्चीच्या मागे मराठीत लिहून दिलंत. ती पर्ची मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आहे.

उठता उठता मी विचारलंच, "भाऊजींना झालं तसं..." तुम्ही हातातलं खाली ठेवलंत. बाहेर एवढी रांग होती, तरी ठेवलंत. "नाही काकू. याचा कॅन्सर होत नाही. त्यांचं गुटख्यामुळे झालं असणार." आणि मग कशाला घाबरायचं तेही सांगितलंत: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, वाढत जाणारी गाठ, बधिरपणा, तोंड कमी उघडायला लागणं. यातलं काही दिसलं तर घरी बसायचं नाही.

घरी येऊन मी ती यादी जाऊबाईंना वाचून दाखवली. भाऊजी गेल्यापासून त्या दिवसभर सुपारी चघळतात, आणि आम्ही कुणी त्यांना टोकत नव्हतो. त्यांनी माझ्यासमोर बोटं तोंडात घालून पाहिली. दोनच मावली. दवाखान्याचं नाव काढलं की आजवर त्या खोलीतून उठून जायच्या. या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "त्या तुझ्या डॉक्टर मराठी बोलतात ना?"

सोमवारी सकाळी त्यांना घेऊन येते आहे. तुमची ड्यूटी असावी, अशी फार इच्छा आहे.

तुमची,
लोकमान्य नगरची काकू
इंदूर