वीतभर उंच वाफ्यांसाठी, काकींना

काकी,

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात तुमच्या भाजीच्या बुट्टीपुढं उभं राहून हे बोलायचं म्हणून मी दोनदा आले. दोन्ही वेळा गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि मी मेथीच्या दोन पेंढ्या घेऊन परत फिरले. म्हणून आता लिहितेय, चारचौघांसमोर. नातवाकडून वाचून घ्या.

२०२४ चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. वडगावच्या कडेचा पडीक तुकडा आम्ही पाच घरांनी मिळून खंडानं घेतला होता, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा गुंठा. मिरगाला सपाट जमिनीतच मिरची, वांगी, मेथी, झेंडू, सगळं लावून टाकलं. जुलैत पाऊस असा लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसेना. मिरचीची रोपं बुडाशी सुतासारखी बारीक झाली आणि एकेक करून लोळली. विकत आणलेलं पोत्यातलं शेणखतही कच्चं निघालं. वांग्याच्या बुडात बोटं घातली तर माती कोमट लागत होती.

त्या आठवड्यात तुमच्या बुट्टीतल्या ताज्या मिरच्या बघून माझे डोळे भरून आले. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘जमीन काळी का तांबडी?’ आणि दुपारी बुट्टी रिकामी झाल्यावर येळ्ळूरची बस सोडून माझ्याबरोबर चालत आलात. वाफ्यातली मूठभर माती उचलून आवळलीत. बोटांच्या फटींतून पाणी आलं. तो गोळा माझ्या हातावर ठेवून म्हणालात, ‘काय करालीस गे? भात लावालीस काय? भातात पाणी धरायचं, भाजीतनं पाणी काढायचं. मुळाला वारा लागतोय बघ.’

पलीकडच्या पट्टीतल्या कन्नड बोलणाऱ्या वहिनी ऐकत होत्या. त्यांच्याकडे वळून तुम्ही तेच सांगितलंत: ‘नीरु होगबेकु’, पाणी जायला हवं. त्या दिवसापासून आमच्या तुकड्यावर हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत, मराठी घरांच्यासुद्धा.

हिंडलग्याच्या, उचगावच्या तांबड्या जमिनीत पाणी लवकर निचरतं. आमची काळी पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांची. हे मला तुम्ही सांगेपर्यंत कळलं नव्हतं. ज्या-त्या पुस्तकात बघून मी खतावर खत घालत होते. रोपं उपाशी नव्हती, गुदमरत होती.

पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही पुन्हा आलात. गादीवाफ्याची रुंदी तुम्ही फुटपट्टीनं मोजली नाहीत. मला एका बाजूला बसवून हात पुढं करायला लावलात, मग दुसऱ्या बाजूनं. दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचायला हवा आणि वाफ्यावर पाय कधीच पडायला नको. नंतर मी मोजलं, बरोबर ४ फूट भरलं. उंची एक वीत. वर घालायची माती बाहेरून आणू दिली नाहीत. दोन वाफ्यांमधल्या वाटेची माती उचलून वर टाकायला सांगितलीत, त्यामुळे वाफा चढला आणि वाटेचीच चर झाली. त्या चरींना उताराकडे तोंड दिलंत. कुजलेल्या शेणखताच्या तीन बुट्ट्यांना भाताच्या तुसाची एक बुट्टी, तीही मागच्या पावसात भिजून काळी पडलेली. कडेला जुन्या घराचे मोडके चिरे लावले, तेव्हा प्रत्येक दोन चिऱ्यांमध्ये दोन बोटांची फट तुम्ही स्वतः तपासलीत. एक फट मी चिखलानं बुजवली होती. ती तुम्ही खुरप्याच्या टोकानं मोकळी केलीत, काही न बोलता.

झेंडूचं सांगायलाच हवं. तुम्ही म्हणालात, झेंडू आधी पेर, टोमॅटो मागनं, म्हणजे दोघांना फूल एकदम येतं. मला वाटलं दसऱ्याच्या फुलांसाठी असेल. नंतर वाचनात आलं की बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचीही हीच शिफारस आहे: झेंडूचं रोप ४५ दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं, दोन्ही एकदमच लावायची, टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची एक. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळीवर अंडी घालतो आणि टोमॅटो वाचतो. तुम्ही हे कुठल्याही कागदावरून शिकला नव्हता. तुमच्या सासूबाई वांग्याच्या कडेनं झेंडू लावायच्या, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत.

ऑगस्टमध्ये तुम्ही झेंडूचे शेंडे खुडलेत तेव्हा माझी लेक रडायलाच लागली. पहिल्याच कळ्या होत्या, तिनं मोजून ठेवलेल्या. तुम्ही तिच्याच बोटांत शेंडा धरून दिलात आणि म्हणालात, ‘एक मोड, पाच फुटतील.’ पंधरा दिवसांनी तीच मला हाताला धरून फुटवे दाखवायला घेऊन गेली. दसऱ्याला पाचही घरांच्या दारांची तोरणं त्या चार रांगांमधून झाली, आणि दोन बुट्ट्या फुलं उरली.

टोमॅटोला शेवटी करपा लागलाच, ते तुम्हाला माहीत आहे. पण त्याआधी पंधरा-सोळा किलो निघाले होते, आणि मिरची अजून चालू आहे. त्या पावसात वाफ्यावर एकदाही पाणी उभं राहिलं नाही. रात्री पावसाच्या आवाजानं जाग आली तर आता मी घाबरत नाही, चरीतून पाणी कसं पळत असेल ते डोळ्यांपुढं येतं.

काकी, मला एक गोष्ट सारखी जाणवते. तुमचं पोट भाजीवर. मी मिरची पिकवायला लागले की तुमची एक गिऱ्हाईक कमी होते. तरी तुम्ही दुपारची बस सोडलीत, एकदा नव्हे, वर्षभरात सात-आठ वेळा. बसभाड्याचे पैसे देऊ केले तर रागावलात. चहा तेवढा घेतलात, तोही बांधावर बसून. मी मनापासून तुमची ऋणी आहे.

झेंडूची फुलं झाडावरच वाळवून बी काढून ठेवलंय. तुमचा गावठी झेंडू, संकरित नव्हे, त्यामुळे पुढच्या वर्षीही तसाच येईल. त्यातली एक पुरचुंडी तुमच्यासाठी बांधली आहे, शनिवारी घेऊन येते. पाचवा वाफा मी मुद्दाम मोकळा ठेवलाय. त्यात नवलकोल लावायचा की मुळा, ते तुम्ही आल्यावर ठरवू.

तुमची,
वडगावची पोरगी