पेनाला उकळतं पाणी? नको हो!

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती टिप्समध्ये छापलंय की शाई वाळून बसलेलं जुनं फाउंटन पेन उकळत्या पाण्यात टाका, दोन मिनिटांत साफ. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलोय.

आमचे बाबा हायस्कूलला मास्तर. त्यांचं एबोनाइटचं काळंभोर पेन, ड्रॉपरने शाई भरायचं, वीसेक वर्षं कपाटात पडून होतं. मी मोठा शहाणा, चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं आणि अख्खं पेन आत सोडलं. बाहेर काढलं तर गंधकाचा वास आणि पेनाचा रंग शेवाळ चढल्यासारखा हिरवट-तपकिरी! एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून कडक केलेला माल, त्याला ना ऊन सोसत ना गरम पाणी, काळा रंग एकदा गेला की पॉलिश केल्याशिवाय येत नाही. आणि एवढं करून निबखालच्या जिभेतली शाई होती तिथेच! (आईने ते पातेलं परत चुलीवर चढू दिलं नाही ते वेगळंच.) सेल्युलॉइडची ती जुनी रंगीत पेनं तर उष्णतेने वाकडी होतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत तर चक्क विरघळतात.

मग करायचं काय, तर साधं गार पाणी, फार तर कोमट, आणि दम धरायचा. पेन उघडून फक्त निबकडचा भाग वाटीत ठेवायचा, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं, मेडिकलमध्ये कानासाठी रबरी पिचकारी मिळते तिने मागून हळूहळू पाणी सोडायचं. फारच चिकट असेल तर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, नंतर नीट धुऊन. शेवटी निब टिश्यूवर टेकवून रात्रभर उभं ठेवायचं, कागद आत राहिलेली शाई ओढून घेतो, सकाळी डाग दिसला की परत पाणी. पण कुणी चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई भरून ठेवली असेल तर कठीण, त्यात बऱ्याचदा लाख असते, ती पाण्याला दाद देत नाही.

मामाच्या पार्कर ५१ ला तर आठ दिवस लागले. १९४१ चं हे मॉडेल, निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, आत बारीक बारीक फटी आणि सगळ्या शाईने बुजलेल्या, वरून काही कळत नाही. मामाच्या पेनाला मागे पंप आहे, तो दाबत बसायचं, टीव्ही बघता बघता होतं.

बाबांच्या पेनाचं मात्र नवल वाटलं. उकळून झाल्यावर पश्चात्ताप म्हणून गार पाण्यात ठेवलं तर आधी लाल रंग सुटला. म्हणजे शेवटी पेपर तपासायची शाई भरलेली. तिसऱ्या दिवशी लालच्या खालून निळी यायला लागली, ती कधीची असेल देव जाणे.

तर येत्या रविवारी दुरुस्ती छापाच, तीही ठळक. तोवर कुणीतरी पातेलं चढवलेलं असणारच.

आपला एक वाचक,
सातारा